गुणवंता मास्तरची छडी

पांढुर्ण्यात लग्न ठरलं की लोक आधी आचारी बघायचे आणि मग बँड. आचाऱ्यावरून घराघरांत भांडणं व्हायची, बँडवरून कधी नाही. बँड म्हणजे गुणवंता सोमकुवर मास्तरचा, दुसऱ्याचा विचारच नको. त्याच्या माणसांचे बूट चकचकीत, टोप्या एकाच कोनात तिरप्या, ट्रंपेटवाले एका रांगेत, ढोल मागे, आणि सगळ्यांच्या पुढे मास्तर स्वतः, हातात शिसवाची छडी. छडी वर गेली की सगळा बँड एका दमात सुरू आणि खाली आली की सगळा बँड एका दमात बंद. कुणाची अर्धी फुंक छातीत अडकलीच, तर त्यानं ती घरी नेऊन सोडावी. लोक कौतुकानं म्हणायचे, "शिस्त पाहावी तर मास्तरच्या बँडची."

आणि हा माणूस ते ऐकून आतल्या आत जळायचा. तुम्हाला खोटं वाटेल, पण शिस्त हा शब्द कानावर पडला की त्याची भूक मरायची. कारण साधं होतं. पांढुर्ण्यात त्याच्या शिस्तीचं कौतुक व्हायचं, तेव्हा तिकडे सौंसरात भिवाजीच्या गोडव्याचं होत असायचं.

भिवाजी बागडे म्हणजे सौंसरचा क्लॅरिनेटवाला. बँड त्याचाही होता, पण बँड कसला, सगळा सैल कारभार. कुणाच्या डोक्यावर टोपी नाही, कुणाच्या पायात नुसती चप्पल, झांजवाला तर वाजवता वाजवता ओळखीच्या माणसाशी गप्पा मारायचा. पण भिवाजीनं ते काळं क्लॅरिनेट ओठांना लावलं की वरातीतल्या बाया पदर शोधायला लागायच्या. मुलीकडच्या रडायच्या ते समजू शकतो. मुलाकडच्याही रडायच्या, ज्यांना रडायचं काही कारण नव्हतं. याला काय म्हणावं? गुणवंता मास्तर याला अन्याय म्हणायचा.

दोघं एकाच गुरूचे. कामठीच्या पलटणीच्या बँडातून पेन्शनवर आलेला एक म्हातारा हवालदार सौंसरला राहायचा. मोहगावचा गुणवंता आणि बोरगावचा भिवाजी, दोघंही शेतमजुरांची पोरं, दिवसभर कापूस वेचून संध्याकाळी त्याच्या अंगणात बसायची. हवालदारानं त्यांना श्वास कसा साठवायचा ते शिकवलं, पत्ती कशी ओली करायची ते शिकवलं. पत्ती म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाशी बांधलेली ती वेताची पातळ फोड, सगळा सूर तिच्यातून निघतो. गुणवंता मेहनती. भिवाजी आळशी. गुणवंता घरी जाऊनही फुंकत बसायचा, भिवाजी घरी जाऊन झोपायचा. आणि एक दिवस हवालदार म्हणाला, "भिवाजीच्या फुंकेत गोडवा आहे. क्लॅरिनेट तो वाजवेल. गुणवंता, तुझ्या हातात शिस्त आहे, तू छडी घे." असं म्हणून म्हाताऱ्यानं स्वतःची शिसवाची छडी त्याच्या हातात दिली.

म्हाताऱ्याला वाटलं, आपण पोराला बक्षीस दिलं. गुणवंतानं ती छडी मार खाल्ल्यासारखी घेतली.

पुढची कित्येक वर्षं त्यानं चोरून क्लॅरिनेटची तालीम केली. भिवाजी वाजवताना त्याच्याकडे असा निरखून बघायचा की भिवाजीच्या बायकोनंही तसं कधी बघितलं नसेल. वरच्या सुरावर जाताना भिवाजीचा डावा डोळा आपोआप मिटतो, गळ्यावरची एक शीर टरारून फुगते, हे सगळं त्यानं टिपलं. आरशासमोर उभं राहून डावा डोळा मिटला, गळा फुगवला. डोळा जमला, शीरही जमली, सूर तेवढा जमला नाही. सरळ, स्वच्छ, मापात निघायचा, आणि ऐकणारा म्हणायचा, "वा, बरोबर आहे." कुणाच्या गाण्याला बरोबर आहे म्हणणं यापेक्षा शिवी दिलेली परवडली.

शेवटी सौंसरात राहणंच नको म्हणून तो पांढुर्ण्याला आला. तिथं बँड उभा केला, नाव केलं, देवकाबाईंशी संसार मांडला, अलका झाली. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत पुढे त्याचाच बँड, पंधरा ऑगस्टला त्याचाच. एवढं झाल्यावर सुखानं राहावं की नाही? तर नशिबानं नोकरी कुठं दिली? सौंसरच्या शाळेत, संगीत शिक्षक म्हणून. रोज सकाळी पांढुर्ण्याहून बस धरायची आणि पोरांचा बँड बसवायचा. आणि वर्गाची खिडकी उघडली की पलीकडच्या गल्लीत भिवाजीचं घर. मास्तर पोरांना परेडची धून शिकवायचा आणि खिडकीतून तिकडचं क्लॅरिनेट आत यायचं. पोरांच्या माना तिकडे वळायच्या. मास्तरनं ती खिडकी कायमची लावून टाकली. उन्हाळ्यात वर्गाची भट्टी व्हायची, घामानं पोरांच्या हातातून ट्रंपेट निसटायचे, पण खिडकी उघडली नाही. हेडमास्तर म्हणाले, "अहो, जरा वारा येऊ द्या." हा म्हणाला, "वाऱ्यानं सूर बिघडते." आता बोला.

घरी देवकाबाई सगळं ओळखून होत्या. एकदा जेवताना मास्तर भिवाजीच्या कुठल्याशा वरातीबद्दल बोलत सुटला, तेव्हा त्या पोळी वाढता वाढता म्हणाल्या, "त्या भिवाजीभाऊचा तुम्ही जेवढा विचार करता ना, त्याच्या पावपट माया विचार केला असता तर मी धन्य झाली असती." मास्तरनं आणखी एक पोळी मागितली. बाई खरं बोलत होती.

तर असा हा माणूस. आणि अशा माणसाच्या मुलीचं लग्न जमलं सौंसरला.

मुलगा वसंत, पोस्टात नोकरीला. मुलाचे वडील मनोहरराव, तहसील कचेरीत बाबू, माणूस भला पण मानापमानाला फार जपणारा. अलकाला मुलगा पसंत होता, मुलाला अलका. साक्षगंध झालं, मे महिन्याची तारीख ठरली, आणि मनोहररावांनी पानाला चुना लावता लावता सांगितलं, "आमच्याकडून बँड भिवाजीचा हं मास्तर. सौंसरची वरात आन् भिवाजी नाही, असं कसं होईन?"

मास्तर हसला. त्या हसण्यात त्याचे दात दिसले, एवढंच.

भिवाजी त्या साक्षगंधाला आला होता. कोपऱ्यात बसला होता, आणि सारा वेळ खांद्यावरचा गमछा तोंडाशी धरून होता. कुणी काही बोललं की गमछ्याआडून हसायचा. चिवडा दिला तर चहात बुडवून बुडवून खाल्ला. मास्तरला वाटलं, लेकाचा आपल्यावरच हसून राहिला. आणि चिवडा चहात? एवढे नखरे? मोठा कलावंत झाला म्हणून साधा चिवडासुद्धा नीट खाता येईना? घरी येईपर्यंत त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

खरी अडचण मात्र पुढेच होती. आमच्याकडे वरात गावाच्या शिवेवर आली की मुलीकडचे लोक आपला बँड घेऊन सामोरे जातात. दोन्ही बँड वाजत वाजत समोरासमोर येतात आणि तिथं दोघा व्याह्यांची भेट होते. त्या भेटीच्या वेळी मुलीकडचा बँड आधी थांबतो. मुलीकडच्यांनी नमायचं असतं ना, ते बँडनंसुद्धा. मग मुलाकडचाही बँड थांबतो आणि त्या शांततेत त्यांचा क्लॅरिनेटवाला एकटा पुढे येऊन एक संथ धून वाजवतो, व्याह्यांची गळाभेट पुरी होईपर्यंत. ढोलावर टिपरूसुद्धा पडत नाही. सगळी शीव कान देऊन ऐकते. धून रंगली तर वरातीचं नाव होतं, आणि फसली तर लोक पुढच्या लग्नापर्यंत तेवढंच चघळतात.

मास्तर आजवर हे टाळत आला होता. सौंसरच्या वरातीला मुलीकडून वाजवायचं आमंत्रण आलं की त्याच्या शाळेत नेमकी परीक्षा निघायची. भिवाजीसाठी त्यानं छडी कधी खाली केली नव्हती. आता पोटच्या पोरीच्या लग्नात परीक्षा कुठून काढणार?

म्हणून त्यानं वेगळंच ठरवलं. बँडची तालीम सुरू केली, रोज. वामन हा त्याचा ट्रंपेटवाला, बँडमधला जुना भरवशाचा माणूस. त्याला म्हणाला, "शिवेवर माया हात खाली येईपर्यंत थांबाचं नाही. आन् तो खाली येत नसते." वामननं डोकं खाजवलं. "मास्तर, पण तुम्ही तर मुलीचे बाप." मास्तर म्हणाला, "बाप घरी. शिवेवर मी मास्तर आहे." वामननं ट्रंपेट उचलला, पण ही गोष्ट त्याच्या पोटात कशी राहणार? ती अलकाच्या कानावर गेली.

अलका शांत पोरगी. बापाच्या बँडच्या कपड्यांची पितळी बटणं लहानपणापासून तीच घासायची, चिंच लावून. लग्नाच्या चार दिवस आधीसुद्धा ती तेच करत ओट्यावर बसली होती. मास्तर शेजारून जाऊ लागला तशी म्हणाली, "बाबा, शिवेवर तुम्ही थांबान ना?"

"बँड थांबतेच. त्यात काय विचारून राहिली."

"बँडचं नाही विचारलं. तुमचं विचारलं." तिनं बटण खाली ठेवलं. "मले त्या घरात जन्म काढाचा आहे, बाबा. पहिल्याच दिवशी तुया बापानं आमचा पाणउतारा केला, असं मले ऐकाले नाही लागलं पाहिजे. तुमचं त्या भिवाजीकाकाशी जे काय असन ते असो. त्याची भरपाई माया संसारातून नका करू."

मास्तर उभाच राहिला. पोरगी एवढी वाक्यं एका दमात बोलते हे त्याला माहीत नव्हतं.

"माया हातावर हात ठेवून सांगा," ती म्हणाली.

तिचा हात चिंचेनं चिकट झाला होता. मास्तरनं त्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "थांबन." मग विहिरीवर जाऊन हात धूत बसला. त्याला रागही आला होता, आणि हलकंही वाटत होतं. भिवाजीसाठी नाही, पोरीसाठी थांबायचं, असं त्यानं मनाला समजावलं. जन्मभराचं जळणं त्यानं त्या दिवशी कसंबसं गिळलं. वामनला बोलावून सांगितलं, "माया हात खाली येईन. तवा थांबजा."

लग्नाच्या दिवशी ऊन कलल्यावर सगळे सौंसरच्या रस्त्यावर, संत्रा मंडीच्या पुढे शिवेवर जमले. मास्तरच्या डोक्याला गुलाबी फेटा, एका हातात व्याह्यासाठी झेंडूचा हार आणि दुसऱ्या हातात छडी. वामन म्हणाला, "मास्तर, छडी द्या मले. तुम्ही हार धरा." मास्तरनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सोयरे हसले. पोरीचा बाप हातात छडी घेऊन उभा आहे, असं वऱ्हाड त्या शिवेनं पाहिलं नव्हतं.

सौंसरची वरात ट्रकमधून उतरली. रांगेचा पत्ता नसलेला तो बँड सुरू झाला आणि पुढे भिवाजी, केस पिकलेला, क्लॅरिनेट ओठांना लावून, बोटं नाचवत. मास्तरनं छडी उचलली. त्याचाही बँड कडाडला. दोन्ही बँड एकमेकांकडे सरकू लागले. गर्दी दोन्ही बाजूंनी दाटली.

मास्तर भिवाजीकडे बघत होता. दुसरीकडे बघण्याची त्याला सवयच नव्हती. सूर वर चढला. भिवाजीची बोटं बरोबर जागी गेली. पण डावा डोळा मिटला नाही. गळ्यावरची शीर फुगली नाही, गळा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या बैलासारखा निवांत. आणि क्लॅरिनेटचा सूर येत होता, पण त्यात काही नव्हतं, कोरडा, पातळ, कुणाचाही असावा तसा. मास्तरची नजर भिवाजीच्या खांद्यावरून मागे गेली. मागे एक माणूस दुसरं क्लॅरिनेट घेऊन मान खाली घालून फुंकत होता. त्याचा गळा फुगलेला होता.

भिवाजी वाजवतच नव्हता. नुसती बोटं हलवत होता.

मग मास्तरनं त्याचं तोंड नीट पाहिलं. वरचा ओठ आत गेला होता. क्लॅरिनेट पकडायचं ते वरच्या दातांनी, दात त्याच्या टोकावर टेकले तरच पत्तीला जोर मिळतो. दात नसले तर नुसती हवा. साक्षगंधातला गमछा, चहात बुडवलेला चिवडा, सगळं एकदम त्याच्या डोक्यात उलगडलं. त्या एवढ्या गर्दीत ते आणखी कुणाला दिसलं नाही. कसं दिसणार? भिवाजीच्या गळ्याची शीर पाठ करायला जन्मभर जळावं लागतं.

मनोहरराव हार घेऊन पुढे आले. दोन्ही हात पसरले. आता भेट, आता छडी खाली.

मग मास्तरच्या लक्षात आलं. छडी खाली केली की त्याचा बँड थांबेल. रीतीप्रमाणे तिकडचाही थांबेल. मागचा माणूसही थांबेल, त्याला थांबावंच लागेल. आणि भिवाजीला सगळ्या शिवेसमोर एकट्यानं ती संथ धून वाजवावी लागेल. त्याच्या क्लॅरिनेटातून फुसफूस हवा निघेल. आधी कुणाला कळणार नाही, मग कुणीतरी हसेल, मग सगळे हसतील. आणि मास्तरनं काय केलं? काहीच नाही. रीत पाळली, पोरीला दिलेला शब्द पाळला. कुणी बोट दाखवू शकणार नाही. हवालदारानं ज्या दिवशी हातात छडी दिली त्या दिवसापासून ज्याची वाट पाहिली, ते नुसता हात खाली केल्यानं होत होतं.

खोटं कशाला सांगू, त्याला आनंद झाला. उन्हातून आलेल्या माणसानं माठातलं पाणी प्यावं तसा तो आनंद छातीतून खाली उतरला. छडी खाली यायला निघालीसुद्धा.

तेवढ्यात भिवाजीनं त्याच्याकडे पाहिलं. केविलवाणं नाही, हात जोडून नाही, नुसतं पाहिलं. आणि मास्तरला कळलं की तो सूर गेला. बंद खिडकीतूनही जो आत यायचा, ज्यानं त्याची झोप उडवली, गाव सोडायला लावलं, तो आता या जगात नाही. तो पुन्हा ऐकायला मिळणार नाही. आणि तो गेलेला कुणी बघायचा? या लोकांनी? ज्यांनी तो पान खात, पंगतीची वाट बघत ऐकला, ते हसणार? मास्तरची कानशिलं तापली. भिवाजीवर जळायचा हक्क त्यानं अख्खं आयुष्य घालून कमावला होता. त्याच्यावर हसायचा हक्क यांना कुणी दिला?

छडी अर्ध्यावर होती. ती वर गेली.

वामननं डोळे मोठे केले. छडी आणखी वर गेली. वामननं डोळे मिटून ट्रंपेट फुंकला आणि सगळा बँड असा काही कडाडला की मंडीतल्या झाडांवरचे कावळे उठले. मनोहररावांचे पसरलेले हात तसेच राहिले. मास्तर एका हातानं हार घालतो आहे, दुसऱ्या हातानं छडी हलवतो आहे, आणि त्या कानठळ्या बसणाऱ्या गोंगाटात दोघा व्याह्यांची भेट झाली. मनोहरराव त्याच्या कानाशी म्हणाले, "हे काही बरं नाही केलं मास्तर." त्यानं ऐकलं आणि छडी हलवत राहिला.

मग भिवाजीनं क्लॅरिनेट ओठांवरून काढलं. हात वर करून स्वतःचा बँड थांबवला. क्लॅरिनेट छातीशी धरलं आणि मान लववून बाजूला सरकला, मास्तरच्या बँडला वाट देत. मुलाकडचा असून तो नमला. गर्दीतून एकच वाहवा उठली. म्हातारे म्हणाले, याला म्हणतात मन. बायांनी डोळे पुसले, न वाजवतासुद्धा त्या माणसानं बाया रडवल्या. आणि लोकांनी मास्तरकडे असं पाहिलं की त्याचा फेटा खाली घसरल्यासारखं त्याला वाटलं.

लग्न पार पडलं. विहारापुढच्या मांडवात भन्तेजींनी त्रिशरण, पंचशील दिलं, पांढऱ्या साडीतल्या अलकानं वसंतच्या गळ्यात हार घातला, फुलं पडली. मनोहरराव सगळ्यांशी बोलत होते, मास्तरशी तेवढे नाही. देवकाबाई एकदाच जवळून गेल्या आणि दात आवळून म्हणाल्या, "झालं का समाधान?"

पंगती बसल्या. शेवटच्या पंगतीला बँडवाले बसले, आणि मुलीचा बाप म्हणून वाढायला मास्तर स्वतः उतरला. भिवाजीच्या पानावर आला तेव्हा त्यानं पुरीची टोपली मागच्याच्या हातात दिली आणि वरण-भात घातला, वर आणखी वरण. भिवाजीनं तोंडापुढे हात धरला.

"समोरचे दात सप्पा गेले, गुणवंता," तो हळू बोलला. "दिवाळीपासून वाजत नाही. मनोहररावले म्हटलं, मायानं नाही होत, दुसरा बँड पाहा. त्यायले वाटलं मी तुले भेऊन राहिलो."

"मग आला काहून?"

भिवाजी हसला. आता गमछा नव्हता, त्यामुळे ते तोंड उघडं दिसलं. "तुया भरवशावर आलो बाप्पा. म्हटलं, इकडचं जग तिकडं होईन, पण गुणवंता मायासाठी छडी खाली करत नाही. याच्या पोटात जे जळते ते मले ठाऊक नाही का? तू थांबणारच नव्हता. म्हणून बिनधास्त उभा राहिलो."

मास्तरच्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला. मले दिसलं होतं, म्हणून नाही थांबलो, एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण मग भिवाजीचा घास खाली उतरला नसता. त्याच्या उपकाराखाली भिवाजी, हे दृश्य मास्तरनं कितीदा मनात रंगवलं होतं, आणि आता ते समोर हाताच्या अंतरावर होतं.

"वरण घे अजून," तो म्हणाला आणि पुढच्या पानाकडे सरकला.

निघायची वेळ झाली. अलका सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली, बापापुढे आली आणि रडणं थांबवून उभी राहिली.

"हात ठेवून बोलले होते तुम्ही, बाबा."

"हाव."

"भिवाजीकाका मुलाकडचे असून थांबले. त्यायचं मन मोठं. तुमाले एवढंही नाही जमलं, मायासाठी?"

मास्तरनं तिच्या खांद्यावरून पाहिलं. ट्रकपाशी भिवाजी उभा होता, भोवती माणसं. मनोहरराव त्याची पाठ थोपटत होते, कुणीतरी पोर त्याच्या पायाशी वाकलं होतं. तो संकोचून तोंडापुढे हात धरून हसत होता आणि लोकांना तोही मोठेपणाच वाटत होता. मास्तरच्या पोटात तेच जुनं जळणं भडकलं. सूर गेला, दात गेले, तरी कौतुक ते त्याचंच. आणि पोरीला नुसतं एक वाक्य सांगितलं असतं, तर सगळं जागच्या जागी उलटलं असतं.

पण पोरगी भिवाजीच्याच गावात, त्याच्याच गल्लीच्या पलीकडे नांदायला चालली होती; ते वाक्य तिथं किती दिवस झाकून राहणार?

"तो मोठाच आहे, बाई," मास्तर म्हणाला. "हवालदारानं तवाच सांगितलं होतं."

अलका बघतच राहिली. बापाच्या तोंडून त्या माणसाचं कौतुक तिनं जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं. तिला वाटलं, बाप वरमला. तिनं त्याला माफ करून टाकलं आणि त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडली. केलेल्या गोष्टीसाठी नाही, न केलेल्या गुन्ह्यासाठी मिळालेली ती माफी मास्तरनं घेतली, पूर्वी छडी घेतली होती तशीच. मग तिला गाडीत बसवलं, डोळे पुसले, वळला आणि वामनला म्हणाला, "रांग वाकडी झाली आहे. सरळ करा."